तार सुटल्यावर चाळीस सेकंद

सहायक: म्हणजे फोन आला त्याच दिवशी कॉम्प्युटरची ही इंटरनेटची तार निघाली?

शिंपी: त्याच मिनिटाला. दवाखान्यातला बायकोचा तिसरा दिवस. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, परवा घरी सोडतो म्हणाले होते. मी तिचे कपडे न्यायला घरी आलो होतो. फोन वाजला. तिकडून बाई म्हणाली, "तुम्ही एकटेच आहात का?" तेवढ्यावर कळलं, ती गेली. उठलो तो पाय तारेत अडकला. तार निघाली, तशीच टाकून गेलो.

सहायक: बसा ना काका. मी बघते सगळं.

शिंपी: बसून काय करू? दीड महिना बसलोच आहे. तुम्ही यंत्र बघा. लायब्ररीची वस्तू आहे, तिला घरी कामाला दिलेली. ती म्हणायची, मागून आणलेली सुईसुद्धा टोक बघून परत करावी. बिघडलेलं यंत्र मी तुमच्या हाती देणार नाही.

सहायक: मला अहो-जाहो नका करू. लायब्ररीत आमच्या मोठ्या बाई मला लुडबुडी म्हणायच्या.

शिंपी: तूच का ती लुडबुडी? कपाटात किल्ली ठेवून वरून कुलूप लावणारी?

सहायक: हेही बाईंनी घरी सांगितलं होतं का!

शिंपी: जेवताना हसायची. बरं, आता ऐक. परवा म्हटलं, परत द्यायच्या आधी चालवून बघावं. तार लावली. पूर्वी तार लावली की इंटरनेट आपलं आपण सुरू व्हायचं. तिला एक बटण दाबावं लागायचं नाही. आता नुसता दिवा लागतो, विझतो. मी काही मोडलं का, एवढंच सांग.

सहायक: थांबा, यंत्राची रोजनिशी असते, ती उघडते. आपण काही केलं की ते लिहून ठेवतं... हं. "तार जोडली. पत्ता मागितला. तार सुटली. तार जोडली. पत्ता मागितला. तार सुटली." पानभर हेच आहे.

शिंपी: कुणाकडे मागतं पत्ता?

सहायक: भिंतीवरच्या त्या इंटरनेटच्या डब्याकडे. तार लागली की यंत्र विचारतं, मी आलोय, माझा नंबर कुठला? डबा नंबर देतो. मग बाहेरच्या जगाशी बोलणं सुरू.

शिंपी: माप दिलं की गिऱ्हाइकाला मी चिठ्ठी देतो, तसं.

सहायक: अगदी तसं. पण हे गिऱ्हाईक चिठ्ठी हातात पडायच्या आतच दुकानाबाहेर जातंय. तार मध्येच तुटत असणार. ही जाते कुठून? अहो काका, ही सतरंजीला शिवलीय!

शिंपी: हो, परवा लावायच्या आधी मीच शिवली. पुन्हा कुणाचा पाय अडकायला नको. पोत्याची सुई घेतली, दुहेरी दोरा. कडेनं चांगली धावदोऱ्यानं गेलोय बघ.

सहायक: टाका तारेच्या वरून घातला की आरपार?

शिंपी: वरूनच. म्हणजे... कोपऱ्यावर सरकत होती. तिथं दोन टाके आतून घेतले.

सहायक: काका, हिच्या पोटात आठ बारीक तारा असतात.

शिंपी: आठ? एवढ्याशा नळीत?

सहायक: तुमच्या सुईनं त्यातली एखादी तरी कापली.

शिंपी: चाळीस वर्षं कापड शिवतोय. अस्तराला धक्का लागू दिला नाही कधी. आणि इथं बघितलंसुद्धा नाही आत काय आहे ते. म्हणजे मीच.

सहायक: तार गेली, यंत्र ठणठणीत आहे. तार काय, कुठल्याही दुकानात मिळते. माझ्या पिशवीतच एक आहे. ही घ्या, तुम्हीच लावा.

शिंपी: मी लावू?

सहायक: तुम्हीच. म्हणजे खात्री पटेल.

(तो टेबलाचा पाय धरतो, आधी एक गुडघा टेकतो, मग हात. तार खोबणीत बसेपर्यंत ती मदतीला वाकत नाही.)

शिंपी: लागली. टक् झालं. आता?

सहायक: आता हात लावायचा नाही. बघा, "तार जोडली. पत्ता मागितला. पत्ता मिळाला." चाललं!

शिंपी: चाललं? खरंच? मी काहीच केलं नाही तरी?

सहायक: तीच तर गंमत. बाईंनी एक पहारेकरी, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, बसवलाय आत. तो तारेकडे बघत बसतो. लागली की जोडतो, सुटली की सगळं बंद करतो. नाहीतर दरवेळी हातानं लिहून सांगावं लागलं असतं. पण एक कळत नाही. त्या दिवशीचं पान बघा. "अकरा दहा. तार सुटली." आणि पहारेकऱ्यानं बंद केलं चाळीस सेकंदांनी.

शिंपी: मग?

सहायक: एरवी हा पाच सेकंद थांबतो. पाचात तार परत लागली तर काही झालंच नाही असं धरतो. चाळीस कोण ठेवतं? मागची पानंही बघते. तार सुटली, अठ्ठावीस सेकंदांनी लागली. सुटली, पस्तिसाव्या सेकंदाला लागली. आठवड्यातून तीन-चारदा. हे काय प्रकरण आहे?

शिंपी: ते मीच.

सहायक: तुम्ही?

शिंपी: माझं शिलाईचं मशीन या बाजूला, तिचं टेबल त्या बाजूला. मध्ये तार. चहाला उठलो की पाय लागायचा. मग मी वाकून परत लावायचो.

सहायक: आणि बाई?

शिंपी: मान वर करायची नाही. लिहीत राहायची. मी म्हणायचोसुद्धा, तुझं यंत्र भलतंच सोशिक आहे, तार निघाली तरी कुरकुरत नाही. ती म्हणायची, हो, गुणाचं आहे.

सहायक: काका, ही फाइल बघा. पहारेकऱ्याला दिलेल्या सूचना. ही ओळ चाळिसाची. आणि शेजारी बाईंनी मराठीत टिपून ठेवलंय. यंत्र हे वाचत नाही, माणसासाठी असतं.

शिंपी: चष्मा नाही माझ्याकडे. वाच.

सहायक: "आधी पंधरा, मग पंचवीस. यांची गुडघेदुखी वाढली. आता चाळीस."

शिंपी: (खुर्ची ओढून बसतो.)

सहायक: पाणी आणू का?

शिंपी: मोजत होती म्हणजे. मी खाली वाकलेलो, आणि ही वर बसून सेकंद मोजतेय. तोंडानं म्हणायची, डॉक्टरकडे चला, आणि मी म्हणायचो, मला काय धाड भरलीय! एकदा ओरडायचं तरी, मेल्या, बघून चाल!

सहायक: लायब्ररीत आम्हाला तर फार ओरडायच्या.

शिंपी: मग घरी येईपर्यंत दमत असेल. बरं, हे यंत्र तिकडे गेलं की काय होतं?

सहायक: परत आलेलं यंत्र पुसून कोरं करायचं, असा नियम आहे. पण एवढी एक ओळ मी राहू देते. कोण बघतंय?

शिंपी: नको. तिथं कुणाचा गुडघा आहे? तार निघाली तर तिथं लगेच कळलं पाहिजे. नियम असेल तर पूस. फक्त पुसायच्या आधी मला हे उतरवून घेऊ दे. मापाची वही आण ती, आणि तिथंच चष्मा असेल.

सहायक: सगळी फाइल? इंग्रजी अक्षरं आहेत काका.

शिंपी: अक्षरं येतात मला. पाटीवर नावं रंगवायचो पूर्वी. अर्थ तू सांग. एकेक ओळ, सावकाश. ही पहिली काय म्हणते?

सहायक: कुठल्या तारेवर लक्ष ठेवायचं ते.

शिंपी: पुढची?

सहायक: तार लागली की बीप वाजवू नकोस. मशीनच्या आवाजात बीपचा उपयोग नाही, असं लिहिलंय शेजारी.

शिंपी: खोटं. माझी दुपारची झोप मोडायची त्यानं. पुढची सांग. (तो ओळी उतरवत जातो; मध्येच एखादीचा अर्थ विचारतो.)

सहायक: काका, पावणेपाच झाले. पाचला लायब्ररीचं दार बंद होतं, यंत्र आत ठेवायला हवं. तुम्ही सगळं उतरवून घेतलंत ना? मी गुरुवारी येते, उरलेलं सांगते.

शिंपी: ये. उतरवलं सगळं. चोवीस ओळी आहेत. चाळिसाची धरून सहा समजल्या, अठरा राहिल्या.