आरशातलं बोलणं

—मान खाली, हं, अशीच. नाही हो, इथल्या भाषेच्या क्लासबिसला कुठली जातेय मी! म्हणजे गेले होते, खोटं कशाला बोलू, लेकानं नाव घातलं होतं. बाई फळ्यावर लिहायच्या आणि मी पुढच्या बाकावरचीची मान बघत बसायची, इतके वाकडे केस कापले कुणी म्हणून. या लोकांची भाषा मी शिकले ती इथं, खुर्चीमागं उभं राहून. बायका बोलतात, मी आरशात त्यांचं तोंड बघते, तसंच तोंड करते — आलं! नवऱ्यांच्या तक्रारी तर तोंडपाठ. मघाशी त्या उंच बाईंशी कशी फडाफडा बोलत होते, ऐकलंत ना? कुठं अडले?

आणि घरी सून. तीही यांच्यातलीच, आपलं बोलणं तिला अजून जेमतेम येतं. तिच्यासमोर माझी दातखीळ बसते. का? — हलू नका, कान जाईल — लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मोठ्या हौसेनं तिच्या भाषेत विचारलं, झोप लागली का, तर ही खुदकन हसली. झालं, तेव्हापासून माझं तोंड बंद. गिऱ्हाईक हसलं तर हसू दे, केस झटकून जातं निघून. घरचं माणूस हसलं की रोज समोर जेवायला बसतं. मग मी आपली खुणा करते. मीठ हवं — बोट. पाणी हवं — बोट. लेक म्हणतो, आई, तू काय चौकातली पोलीस आहेस का?

काल काय झालं, मी डबा विसरले, तो द्यायला ती इथं आली. मी एकीचे केस धूत होते, तिच्याच भाषेत अखंड बडबड चाललेली — आरशात बघते तर दारात ही! डबा ठेवला नि गेली. संध्याकाळी लेकाला सांगत होती — कान देऊन नाही हो ऐकलं, भिंतच पातळ आहे — म्हणाली, आईंना सगळं बोलता येतं, मग माझ्याशीच का नाही? मी नकोशी आहे त्यांना. आज निघालीय माहेरी. परत कधी, ते नाही बोलली.

नकोशी! अहो, मला फार आवडते ती पोरगी. — रडत नाहीये, केस गेलाय डोळ्यात. चिठ्ठी? बोलता येतं तेवढंच, लिहिता कुठं येतंय मला! आणि मुळात—

अगंबाई. काचेबाहेर बघा. बॅग घेऊन उभी आहे. आत येतेय! आणि माझ्या एका हातात कात्री, एका हातात तुमचे केस, खूण तरी कशानं करू? — उठा. उठा म्हणते ना! हो, एकच बाजू झालीय, माहितीय मला, स्कार्फ बांधा आणि उद्या या. मला आता हिच्याशी बोलायचंय, समोरासमोर, चुकत चुकत — आणि ते ऐकायला तुम्ही नकोत. जा!