कोणत्या घरचं पाणी

प्रसूतिगृहाच्या बाकावर शिंपीणबाई भावजयीच्या निरोपाची वाट पाहत होत्या, पण कान मात्र शेजारच्या दोन विहिणींकडे लागले होते. आत एकीची लेक होती, म्हणजेच दुसरीची सून.

"विहीणबाई, बाळबाळंतीण आमच्याकडेच येणार. मुद्दाम नवा फिल्टर बसवलाय."

"फिल्टरनं पाण्याचं सत्त्व जातं. माझी लेक नळाच्या उकळलेल्या पाण्यावर वाढली."

"म्हणून लग्नात काडीसारखी होती! आमच्याकडे आल्यावर अंग धरलं तिनं."

"अहो, ते पोटातलं बाळ होतं!"

"हसा, हसा. माझा मुलगा तुमच्याकडे आला की गुपचूप बाटलीचं पाणी विकत आणून पितो, ठाऊक आहे?"

"अगंबाई! आणि मी जावयांना आग्रह करकरून दुसरा पेला पाजते!"

तेवढ्यात दार उघडलं. परिचारिकेला पाहताच दोघींच्या तोंडचं पाणी पळालं.

"मुलगी झाली! दोघी छान आहेत. बाळंतिणीला तहान लागलीय, पाणी द्या."

दोन्ही पिशव्या बाकावर उपड्या झाल्या. दुपटी निघाली, टोपडी निघाली, मोजे निघाले. पाणी काही निघालं नाही.

शिंपीणबाईंनी आपली बाटली पुढे केली. "घ्या. कुठलं आहे ते मात्र विचारू नका."

"कोण विचारतंय! विहीणबाई, धरा. लेक तुमची, तुम्हीच पाजा."

"सून तुमची नाही का? चला, एकीनं बाटली धरायची, एकीनं मान."