साक्षीला जाण्याआधी

शिवाजीनगरच्या कोर्टात माझ्या शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते.

"अहो, सारखं उठू नका."

"श्रद्धा, तो ड्रायव्हर मोबाइलवर बोलत होता, असंच सांगणार मी."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. पण आपली पोर, आपली अपेक्षा, गेली त्याच्या गाडीखाली! सडू दे तुरुंगात."

"मलाही तेच वाटायचं. पण आता अपेक्षाला आठवायला बसले, तरी त्याचाच चेहरा समोर येतो. मला तो घरात नकोय. पाहिलंत तेवढंच सांगा."

"माफ केलंस त्याला?"

"करतेय. रोज थोडं थोडं. कधी जमतं, कधी नाही."

आतून पुकारा झाला, "सुदर्शन भोकरे!"

"श्रद्धा, तूही चल. मला दिसशील अशी बस."