एका प्रेक्षकाचा प्रयोग

मेडिकल अर्धवट सोडून मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांना भरवते. माझ्या डॉक्टर बाबांना याची लाज वाटते. वाटू दे.

तिथे नव्वदीची एक नटी होती, महाखडूस. संध्याकाळी ताटाला हात लावायची नाही. एकदा वैतागून मी थिएटरमध्ये मेकअप रूमवर करतात तशी तिच्या दारावर टकटक केली. "मॅडम, पडदा उघडायला अर्धा तास."

"थँक यू," म्हणून बाई गुपचूप जेवली. मग लिपस्टिक लावून दाराकडे बघत बसली. तासाभराने म्हणाली, "थिएटर रिकामंच आहे का गं?"

थाप माझीच, निस्तरणार कोण? खुर्ची ओढून समोर बसले. "एक प्रेक्षक आहे."

"चालेल," ती म्हणाली. "माझे वडील हयातभर एकदाही माझ्या नाटकाला आले नाहीत."