एका रुळाला एक गोळा

न्हाय, न्हाय मॅडम, आता रुळावर उतरायचं न्हाय. फोटो हितनंच काढा, फलाटावरनं. ट्रॉली आत्ताच गेलीया — आनि आज तिच्यावर आमची मंडळी, जयाबाई, बसलीया. तुम्ही निपाणीस्नं आलासा, तुम्हाला कसं म्हाईत असणार — रेल्वेनं लाईन वळवली, स्टेशन मोडीत काढलं, तवापास्नं आमची सोसायटीच जपतीया हे. पर बायकोनं कधी ट्रॉलीवर पाय ठेवला न्हाय. खुळ्यांचा बाजार म्हणायची. आज का बसली? मी शब्द दिला म्हणून. कसला शब्द? सांगतो की, बसा बाकावर.

रूळ एक, ट्रॉल्या दोन. एक ह्या टोकाला, एक नाल्यापल्याड. मधी डोंगर फोडून वळण काढलंय, समोरचं कायबी दिसत न्हाय. मग टक्कर का होत न्हाय? गोळ्यामुळं. लोखंडी गोळा, मोसंबीएवढा, रेल्वेच्या वक्ताचा. तो ज्याच्या हातात, त्याचीच ट्रॉली निघायची. गोळा एक, म्हंजे रुळावर ट्रॉली एक. जयाबाईला हेच म्हटलं — गोळा आपल्यापाशी असला की देवबी समोरनं गाडी आणू शकत न्हाय. केयूर चालवतोय, त्याच्या गळ्यातल्या पिशवीत गोळा मी माझ्या हातानं घातला.

बघायचा होता व्हय? तो गेला की. पर दुसरा दावतो — व्हय, दुसरा. नक्कल. माझी फौंड्री हाय बेळगावात, तितं ओतून घेतला, कपाटात मांडायला. नागेंद्र, आमचा सेक्रेटरी, लई भांडला — भावकूअण्णा, एका रुळाला दोन गोळे करू नका. मी म्हटलं, अरं, शोभेचा हाय, कुलपात ऱ्हाणार. तवापास्नं तो बोलत न्हाय माझ्याशी. न बोलंना का. वजन तेच, नंबर तोच, गंजबी तसाच आणलाय. रेल्वेच्या बापाला ओळखायचा न्हाय. ह्ये बघा, ह्या कपाटात—

हितंच असतोय. थांबा हं. परवा तुमच्या निपाणीत शाळेत प्रदर्शन होतं, तितं धाडलता. बरोबर. घेऊन गेलती नीलम — नवीन हाय, बँकेत नोकरी, रविवारी, म्हंजे आजबी, त्या टोकाच्या ट्रॉलीवर असतीया. काल तिनं फोनबी केलता — अण्णा, गोळा माझ्यापाशी हाय. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, तुझ्यापाशीच ठेव. म्हंजे नक्कल तिकडं... असू दे की. तिला म्हाईत हाय नक्कल हाय ते. — कुणी सांगितलं म्हणता? मी... मी तर पोरास्नी खरा म्हणूनच दाव म्हटलं होतं. नक्कल म्हटल्यावर कोण बघतंय? आनि ती लई शिस्तीची — गोळा न्हाय तर गाडी हलवायची न्हाय. गोळा हातात असला तर कुणाला इचारत बसायची न्हाय. मीच शिकवलंय तिला.

जरा फोन लावतो... वाजतोय... उचलत न्हाय. ड्यूटीवर फोन ड्रॉवरमधी — तोबी माझाच नेम. केयूरला वळणात रेंज न्हाय. मॅडम, काळजी करू नका म्हणू नका मला. गप ऱ्हावा जरा, आयकू द्या.

ह्यो केयूरचा भोंगा. वळणाला लागला.

— आनि ह्यो?

तो लाल झेंडा द्या. द्या हिकडं. सरा मॅडम, वाट सोडा माझी.