सदरच्या लॉजवरचे सुधाकरभाऊ

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. निर्मलावहिनी, अश्विनी, तुम्हाला काय म्हणू? बसमध्ये येताना मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. इथे आले, भाऊंच्या फोटोला हार घातलेला पाहिला, आणि आता एकही आठवत नाही. म्हणून जसं सुचेल तसं बोलते. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी मंगला ढोके, सावनेरची. सुधाकरभाऊंची नातेवाईक नाही, शेजारीण नाही. मी त्यांच्या लॉजवर उतरलेली एक गिऱ्हाईक. इथे माझ्यासारखे अजूनही बरेच दिसतात.

आमचे हे कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या दवाखान्यात रोज रेडिएशनचे शेक घ्यायचे होते आणि रोज बसने ये-जा त्यांना झेपत नव्हती. पुतण्याने मोबाईलवरून एका मोठ्या कंपनीच्या हॉटेलात खोली घेऊन दिली. खोटं कशाला बोलू? खोली छान होती. पांढऱ्याशुभ्र चादरी, गरम पाणी, नोकर नम्र. पण ह्यांच्या गळ्याखाली भाताच्या पेजेशिवाय काही उतरत नव्हतं. मी पेज करून मागितली, तर काउंटरवरची मुलगी रडवेली झाली. म्हणाली, "मॅडम, मेनूत नाही हो. मला परवानगी नाही." तिचा काय दोष? आणि दवाखान्याने मुक्काम वाढवायला सांगितला, तेव्हा आमची खोली आधीच दुसऱ्या कोणाला दिली गेली होती.

बॅगा घेऊन आम्ही सदर भागातल्या या गल्लीत आलो. भाऊ दारातच उभे होते. ह्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "काहून उभ्या राहिल्या ताई? बसवा त्यायले पहिले. नाव-गाव मग लिहू." आणि पुढचा प्रश्न काय, तर, "काय चालते दादाले खायले?" अर्ध्या तासात वहिनी पेज घेऊन आल्या. मीठ किती, तेही विचारून. आम्ही किती दिवस राहणार, हे त्या दोघांनी कधी विचारलं नाही.

ह्यांना बरं वाटलं, आम्ही घरी गेलो. पण वर्षभरात दुखणं उलटलं. पुन्हा नागपूर. मी सरळ इथेच आले, तर पाटी बदललेली! भाऊंनी लॉज तशाच एका हॉटेल-कंपनीला कराराने जोडला होता. कंपनीचं नाव, कंपनीचा रंग, आणि भाऊंच्या शर्टावरसुद्धा कंपनीचा बिल्ला. मला ओळखून ते खुर्चीतून उठले, आणि मग कॉम्प्युटरकडे पाहून तसेच उभे राहिले. सगळ्या खोल्या कंपनीने वरूनच भरल्या होत्या. स्वतःच्या लॉजमधली एक खोली त्यांना देता येईना. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

हे सोफ्यावर डोळे मिटून पडले होते. भाऊ वर गेले, खाली आले. म्हणाले, "चला ताई, वर चला." वर त्यांचं घर. त्यांनी आपली झोपायची खोली आम्हाला रिकामी करून दिली, आणि दोघं नवरा-बायको दिवाणखान्यात सतरंजीवर झोपले. एक-दोन रात्री नाही, आमचं काम होईपर्यंत.

कंपनीचा साहेब आला तेव्हा मी जिन्यात होते. तो म्हणाला, बुकिंग नसलेली माणसं इथे कशी? भाऊ आवाज न चढवता म्हणाले, "ते माह्ये पाहुणे हायेत. घर तं माह्यं हाय ना?" पुढे करार संपला आणि भाऊंनी तो वाढवला नाही. मी म्हटलं, भाऊ, आमच्यासाठी एवढं नुकसान कशाला? तर म्हणाले, "तुमच्यासाठी नाई ताई. आजारी माणूस दारातून परत पाठवा लागते, अन् मले ते जमून नाई राहिलं."

त्याची झळ त्यांनी सोसली. मोबाईलवर लॉज दिसेनासा झाला. खोल्या रिकाम्या राहू लागल्या. शेवटी शेवटी भाऊ स्वतः गच्चीवर चादरी वाळत घालायचे.

आणि अश्विनी, बाळा, तुला एक सांगायचं आहे. तू पुण्याला तशाच मोठ्या हॉटेलात नोकरी करतेस. बाबांना कंपनीकडे तूच वळवलंस. काल फोनवर तू मला म्हणालीस, "काकू, माझ्यामुळे बाबांची ओढाताण झाली." नाही गं. मी एकदा त्यांच्यासमोर कंपनीला नावं ठेवली होती. तेव्हा त्यांनी मलाच थांबवलं. म्हणाले, "असं नोका म्हणू ताई. पोरीनं सांगितलं म्हणून गळकं छत दुरुस्त झालं, नळ बदलले. एवढ्या वर्षांत मले जे नाई जमलं, ते माह्या पोरीनं केलं." ते रागावलेले नव्हते, अश्विनी. त्यांना तुझा अभिमान होता.

आमचे हे गेले ते दवाखान्यात. माझी मुलं प्रवासात होती. कागदांवर सह्या कुठे करायच्या हे मला कळत नव्हतं. भाऊ शेजारी उभे राहिले. सावनेरपर्यंत शववाहिकेत माझ्याजवळ बसून आले. घाटावर माझ्या मुलांच्या मागे उभे राहिले. कोण करतं हो असं? कोणत्या लॉजवाल्याचं ते काम असतं?

गेल्या आठवड्यात दुपारी काउंटरवरच भाऊंच्या छातीत कळ आली. लॉजवर उतरलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांनी त्यांना उचलून ऑटोत घातलं. आपापली दुखणी बाजूला ठेवून ती माणसं दवाखान्याच्या दारात बसून राहिली. भाऊ परत आले नाहीत.

आता लॉज चालेल की विकला जाईल, मला माहीत नाही. ते वहिनींनी आणि अश्विनीने ठरवायचं. आपण कोणी आज त्यांना सल्ला देऊ नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

चला, सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणीच बोलू नका. ज्याला भाऊ जसे आठवतात, तसे आठवू या.

सुधाकरभाऊ, माझ्या माणसाला तुम्ही शेवटपर्यंत परकं वाटू दिलं नाही. माझा नमस्कार घ्या. आणि ह्यांचाही.