कुलपातली कीर्तनं

हरिपाठाला अजून वेळ होता, म्हणून चार्जर घ्यायला नेरळच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरलो. पोशीरच्या सुंदरामावशी बाकावर होत्या. त्यांच्या दिवंगत कीर्तनकार नवऱ्याचा लॅपटॉप दुकानदार हर्षदसमोर उघडा होता.

"मावशी, हा सुरूच व्हत नाय. नुसता रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर येऊन थांबतोय."

"मग नेट लाव की रं त्याला."

"तिथं वायफाय दिसतच नाय. थांबा, माझा मोबाईल वायरीनं जोडतो... आलं बघा नेट!"

"पांडुरंगा! लाव आता बुवांचं कीर्तन."

"लगेच नाय. आता आतल्या फायलींना लागलेल्या कुलपाचे आकडे मागतोय. ते बुवांच्या नेटवरच्या खात्यात असतील, आन् ते खातं उघडायचा कोड त्यांच्या मोबाईलवर येनार. कुठाय मोबाईल?"

"नदीत."

"पडला?"

"सोडला. अस्थींबरोबर चिपळ्या आन् फोन. सारखा हातात असायचा ना, वाटलं संगं राहील."

"सिमकार्ड?"

"त्यातच व्हतं."

"तोच नंबर परत काढू."

"दीड वर्ष झालं रं. परवा लावला, तर कुनी अनोळखी पोरगीच बोलली, नंबर आता तिचा हाय म्हनं."

"मग समदं पुसावं लागंल, मावशी. नव्यासारखा चालंल."

"आन् कीर्तनं?"

"जातील."

"आत्ता हायेत ना आत?"

"हायेत. पन उघडनार नायत."

"मग काढ तुझं नेट. हळूच पिशवीत घाल. देव्हाऱ्यात ठेवते."

"मावशी, तो बोलनार नाय."

"देव्हाऱ्यातला तरी कुठं बोलतो रं?"